बाईसाहेबांची पाठ

माणसाने थाप कुणापुढेही मारावी, पण खोगीरवाल्यापुढे घोड्याच्या पाठीबद्दल मारू नये. सिस्टरनी नेमकी तीच मारली. बरं, त्या काही थापाड्या बाई नव्हेत. उभा जन्म हॉस्पिटलात गेला. निवृत्त झाल्या तरी सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे, आणि ताप जेवढा असेल तेवढाच सांगणारी बाई अशी त्यांची ख्याती. पण एकटं घर माणसाकडून काय काय वदवून घेतं, त्याचा काही नेम नाही.

सिस्टरचे यजमान गेले आणि मागे त्यांची घोडी उरली. करड्या रंगाची, वयस्कर, नखरेल. यजमान तिला बाईसाहेब म्हणायचे. सिस्टरना खरं तर घोड्यांचं मुळीच वेड नव्हतं. उलट, "घरात दोन बाया कशाला?" म्हणून त्या नवऱ्याशी भांडलेल्या. पण नवरा गेला, मुलगा परमुलखात, फोनवर "आई, गोळ्या घेतेस ना?" एवढंच विचारणारा. मग रोज सकाळी कुणीतरी आपली वाट बघत पाय आपटतंय, हे बरं वाटू लागलं. बाईसाहेबांना खरारा करता करता त्या घोडी राखायला शिकल्या. बसायलाही शिकल्या, आणि दोनदा पडल्याही.

आणि घोडी आली तसा रविवारही आला. रविवारी सकाळी घोडेवाले खोगीरवाल्याच्या दुकानात जमत. लांबट खोली, चामड्याचा आणि मेणाचा वास, कोपऱ्यात शेगडी, मधोमध खोगीर ठेवायचा लाकडी घोडा. खोगीरवाला मान खाली घालून शिवत बसे आणि बाकीचे चहा पीत काथ्याकूट करत.

"मागून वाकून बघायचं," खोगीरवाला सांगे. "खोगिराखालून आरपार उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर कणा दबतोय समजा."

"आमच्या घोड्याला मागून वाकून बघणारा अजून जन्माला यायचाय," पाववाला म्हणे. त्याचा घोडा लाथाळ होता.

थंडी पडली की खोगिरावरून गप्पा बागेवर घसरत. पाववाला टोमॅटोवर पिठाची रिकामी पोती घाली. वकीलीणबाईंचे गुलाब दरवर्षी दव गोठून काळे पडत आणि त्या दरवर्षी नव्याने हळहळत. "संध्याकाळीच मातीला पाणी द्या हो, ओली माती ऊब धरते," असं सिस्टर बजावत, आणि मग त्यावरही वाद होई. सिस्टरचं कुणी ऐकत नसे, पण भांडत मात्र सगळे. आठवड्यातून तेवढे दोन तास त्यांच्या आवाजाला उत्तर येई.

आणि अशात बाईसाहेब गेल्या. थंडी सुरू होण्याआधीच, पोट दुखायला लागून. घोड्यांचा डॉक्टर आला, पण उपयोग झाला नाही. त्या रविवारी सिस्टर सांगायलाच म्हणून दुकानात गेल्या. उंबऱ्यातच पाववाला ओरडला, "या सिस्टर! बाईसाहेब काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत," सिस्टर म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. एकदा म्हटलं ते पुढच्या रविवारी मागे कसं घ्यायचं? मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. घोडी नाही म्हटल्यावर घोडेवाल्यांत आपण कोण, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. त्या जागेवरून उठावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

एका रविवारी गप्पा लवकर आटोपल्या. वकीलीणबाई हातमोजे चढवू लागल्या, पाववाल्याने कप पालथा घातला. पुढे अख्खा रिकामा दिवस आ वासून बसलेला. सिस्टर घाईने म्हणाल्या, "बाईसाहेबांच्या पाठीवर हल्ली कोरडा डाग राहतो हो. बाकी सगळीकडे घाम, आणि तेवढंच कोरडं."

कोरडा डाग म्हणजे खोगीर तिथे इतकं दाबतंय की घामसुद्धा फुटत नाही. खोगीरवाल्याची सुई थांबली.

"कुठे?"

"डाव्या खांद्यामागे."

"आणि उजवीकडे?"

"नाही. म्हणजे... थोडासा."

"उद्या सकाळी येतो."

"अहो, कशाला उगाच त्रास—"

"सिस्टर, मुकं जनावर आहे. ते कुठे जाऊन तक्रार करणार?"

झालं! सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन त्यांनी शंभर सबबी जुळवल्या. घोडी भाचीकडे पाठवली म्हणावं? आपल्यालाच बरं नाही म्हणावं? एकही सबब त्यांच्या तोंडात बसेना. संध्याकाळी गारठा वाढला, तशी अंगणातल्या लिंबाच्या झाडाची काळजी लागली. हाताला आली ती बाईसाहेबांची थंडीची झूल. ती त्यांनी झाडावर टाकली, खालचे पट्टे ओढले आणि बकलं लावली. घोडीला लावायच्या तशाच, गच्च. हातांना दुसरी सवयच नव्हती.

सकाळी खोगीरवाला आला तो थेट तबेल्याकडे गेला. खांद्यावर पिशवी, पिशवीत नवं भरण घालायला लोकर. तबेला झाडून लख्ख, बादली उपडी. तो परत आला आणि अंगणात थबकला. लिंबाचं झाड झूल पांघरून, छातीशी आणि पोटाशी बकलं लावून उभं होतं. त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"थंडीआधी."

कुणी दुसरा असता तर "अरेरे" म्हणाला असता. खोगीरवाला भडकला. "रात्रभर तिच्या पाठीचा विचार करत होतो मी! माझ्याच हाताने शिवलेलं खोगीर तिला टोचतंय म्हणून डोळ्याला डोळा नाही. आणि तुम्ही खुशाल थापा मारताय? दुसऱ्या कशावरही मारा की हो, पण घोड्याच्या दुखण्यावर?"

"मग काय करू?" सिस्टरचाही आवाज चढला. "घोडी गेली म्हटलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याशी कशावर बोलला असता? सांगा ना! या घरात दिवसदिवस मी एक शब्द बोलत नाही. बादलीशी बोलू?"

खोगीरवाला झाडाजवळ गेला. सवयीने त्याने पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली, बक्कल सोडलं आणि झूल उचलली. जिथे जिथे कापड घट्ट चिकटलं होतं तिथली पानं करपून काळी पडली होती.

"आवळून बांधलंत," तो पुटपुटला. "पानाला कापड टेकवायचं नाही. आधी काठ्या रोवा, मग वरून सोडा. मध्ये हवा पाहिजे." आणि पिशवी उचलून निघून गेला. रविवारी या, असंही म्हणाला नाही.

सिस्टर तरी गेल्या. दुसरीकडे जाणार तरी कुठे? बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती. पाववाला उठून उभा राहिला आणि शेगडीजवळची आपली खुर्ची त्यांना दिली. वकीलीणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "लिंबाचं झाड कसं आहे आता?" "जरा टेका हो." "चहात साखर घालू?" सगळं हळू, मऊ, एकेक शब्द सुटा करून. हा आवाज सिस्टरच्या ओळखीचा होता. जो पेशंट आता घरी जाणार नाही, त्याच्याशी त्या स्वतः आयुष्यभर याच आवाजात बोलल्या होत्या.

थोड्या वेळाने पाववाला आणि वकीलीणबाई खोगिरावर बोलू लागले, तेही दबक्या आवाजात. सिस्टरनी मुद्दामच मध्ये तोंड घातलं. "मी तर म्हणते, खोगीर जितकं पुढे सरकवाल तितकं चांगलं. खांद्यावरच बसवावं सरळ."

एरवी या वाक्यावर छप्पर उडालं असतं. पाववाल्याने वकीलीणबाईंकडे बघितलं. "हो, सिस्टर," तो गोड हसून म्हणाला. "तेही खरंच आहे म्हणा."

सिस्टरनी कप खाली ठेवला. आता उठावं आणि परत येऊ नये, एवढंच मनात होतं. त्या अर्ध्या उठल्यासुद्धा.

"साफ चूक!"

खोगीरवाला होता. त्या आल्यापासून त्याने सिस्टरकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाही. दोरा दातात धरून तो ओरडत होता. "खांद्यावर? खांदा हलायचा कसा मग? सोलून निघेल जनावर! इतकी वर्षं घोडी बाळगून हे शिकलात? कमाल आहे तुमची!"

पाववाला "अहो, हळू जरा" म्हणायला गेला, पण खोगीरवाल्याने त्यालाही झापलं. सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"कशी काय चूक?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या. "सिद्ध करून दाखवा."