धवलारणीच्या घरची हळद

तळवलीच्या सुमित्राबाईने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद चढत नाही, असं आमच्याकडची माणसं म्हणतात, आणि ते खोटं नाही. ती धवलारीण. लग्नाचा एकेक विधी तिच्या गळ्यातून पुढे सरकतो. नवऱ्याची, देवजीची, कंपनी बंद पडली तेव्हापासून घरची चूलही त्याच गळ्यावर पेटते.

सीवूड्सच्या एका घरच्या हळदीची सुपारी तिने दिवाळीतच घेतली होती. मग तिच्या लेकीच्या, भाविकाच्या, सासरच्यांनी नेमकी तीच तारीख धरली. घेतलेली सुपारी फिरवायची नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला दंडक.

"आये, त्यांना दुसरी कोन नाय भेटत?"

"तुझी हलद दुपारी लावू. तवर मी येन."

"नक्की येशील ना?"

"येन गो."

सीवूड्सच्या सोसायटीच्या हॉलात नवरी संध्या पाटावर बसली. सुमित्राबाई ओळीओळीत तिचं नाव गुंफत गाऊ लागली. पायांना हळद लागली, संध्या. खांद्यांना लागली, संध्या. कपाळी लागली, संध्या. पोरीची आई हुंदके देऊ लागली, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुमित्राबाईचे डोळे कोरडे. आपलं रडू घरासाठी राखून ठेवलंय, असं तिने मनाशी म्हटलं. फोटोवाल्याने सगळी हळद पुन्हा एकदा लावायला लावली. ती पुन्हा गायली.

घरापाशी रिक्षातून उतरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

"आली बाय, आमची मानाची पावनी आली!" नणंद रखमा मांडवातून ओरडली. "सगल्यांच्या पोरींना हलद लावून झाली. तुझीच तेवढी राहिलीय. तुझ्या पोरीने कोनाला हात लावू दिला नाय."

सुमित्राबाईने हात धुतले, वाटीत बोटं बुडवली आणि सूर धरला. पाय, गुडघे, खांदे.

"पिवली झाली गो, संध्या नवरी पिवली झाली..."

मांडव हसला. "अगो, कोनाची पोर उजवतेस?" रखमा म्हणाली.

भाविका हसली नाही. तिने आईचं मनगट धरलं. "आये, मी भाविका."

"व्हय," सुमित्राबाई म्हणाली आणि कडवं पहिल्यापासून धरलं. आता नाव बरोबर आलं. सूर जागच्या जागी होता. बायका रडल्या, देवजी खांबाआड तोंड करून रडला. राखून ठेवलेलं रडू सुमित्राबाईने शोधून पाहिलं. ते कुठे ठेवलं होतं, तेच आठवेना. लेकीच्या गालावरची हळद गार लागली की कोमट, तेही कळलं नाही. हात तेवढा आपल्या वाटेने कपाळापर्यंत गेला.