मामा आणि अपेक्षाचा कॉम्प्युटर

माझे सासरे चन्नप्पा यांचं पाटोद्याला भांड्यांचं दुकान आहे. मी त्यांना मामा म्हणते. कोणतीही वस्तू बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. मला बघायला आले तेव्हा त्यांनी आधी आमच्या दाराची चौकट वाजवली होती. दुसरी सवय म्हणजे घरात काही नवीन आलं की त्याला विभूतीची तीन बोटं ओढायची. फ्रिज, स्कूटर, माझा कुकर, कुणीही सुटलं नाही.

माझी मुलगी अपेक्षा आर्किटेक्चर शिकते. तिला रविवारी संध्याकाळपर्यंत एका घराचं चित्र कॉलेजला पाठवायचं होतं आणि आमचा जुना कॉम्प्युटर ते अर्ध्यावर आणून गोठत होता. चित्र गेलं नाही तर विषय राहणार होता. मला तर तिचं वर्ष, लग्न, म्हातारपण, सगळंच बुडताना दिसू लागलं.

नवा घेऊ म्हटलं, तर मामांनी कॉम्प्युटरचा डबा वाजवला. "पत्रा लई चांगला हाय. टाकता कावून? आतलं बदला."

अपेक्षाने शोधलं, त्याच बोर्डावर बसणारा जास्त ताकदीचा प्रोसेसर बीडला मिळाला. रविवारी सकाळी तिने डबा उघडला. मी घराचा मेन स्विच बंद केला आणि सगळ्यांना रबरी चपला घालायला लावल्या.

"आई, वायर काढलीय गं!"

"असू दे."

तिने जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, त्यावर राखाडी पेस्ट पसरली आणि वर बसवायचा पंखा झटकायला ती गच्चीवर गेली. मी तिच्या मागे, पायऱ्यांवरून पडेल म्हणून. खाली आल्यावर तिने घाईत, आत न बघताच पंखा ठेवून स्क्रू आवळले. मी मेन स्विच लावला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. मामांनी पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच तो बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. आतून नुसती धग येत होती.

अपेक्षाचे डोळे भरले. "बीडच्या दुकानदारानं खराब माल दिला."

"खराब कसा?" मामा म्हणाले. "मी वाजवून पाहिला की. सोता साफ करून विभूती लावलीय."

"काय साफ केलं, आजोबा?"

"तुमी वर गेलता तवा. राखाडी राड लागलती त्याला. पुसून चकचकीत केला."

"आजोबा, ती राडच उष्णता पंख्याकडे नेते!"

मामांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं पोरीचा इषय राहतुया व्हय?" मग जरा चिडूनच म्हणाले, "इतकी कामाची चीज, आन् दिसाया अशी ठेवत्यात व्हय?"

अपेक्षाला हसू फुटलं. तिने स्पिरिटने विभूती पुसली, उरलेली पेस्ट लावली, डबा बंद केला आणि म्हणाली, "आता बाहेरून लावा, आजोबा." मामांनी इतक्या हळू बोटं ओढली, जणू डबा झोपलाय.

या वेळी तो बंद पडला नाही. दिवस कलायच्या आत चित्र पूर्ण होऊन कॉलेजला गेलं. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मामा चष्मा लावून पडद्यासमोर बसले.

"घर झ्याक हाय. पर ओटा कुठाय? आल्या माणसानं टेकायचं कुठं?"

अपेक्षाने चित्राकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं, मामांना उठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आई, अजून वेळ आहे. बदलून पुन्हा पाठवते."

मी पुन्हा रबरी चपला घातल्या.