मुंगूस, फाइल आणि बॉस

तेव्हा नोएडातल्या सेक्टरांना आकडे मिळाले होते, धड रस्ते मिळायचे होते. तयार कपडे परदेशी पाठवणारं आमचं ऑफिस एका नव्या इमारतीत होतं आणि आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट, कमरेइतकं गवत. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली. तिथला इंग्रजी पत्रव्यवहार मी बघायचे. साहेब दिल्लीचेच, मनाने चांगले, पण मी इंग्रजीत तोंड उघडलं की विचारायचे, "मॅडम, ये मराठी इंग्लिश है क्या?" आणि सगळे हसायचे.

एके दिवशी गवतातून एक मुंगूस थेट आत आलं. साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि ओरडले, "मोंगूज! मोंगूज!" ते आपलं शांतपणे दुसऱ्या दाराने निघून गेलं.

मी म्हटलं, "सर, ये शब्द तो हमारा है। मुंगूस। अंग्रेज़ों ने मराठी से लिया।"

"अच्छा! अब अंग्रेज़ी भी आप लोगों ने बनायी?"

मी त्यांच्याच कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून समोर ठेवला. त्यात स्वच्छ छापलं होतं, मूळ मराठी. साहेबांनी ते चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण एवढा मान मिळाल्यावर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, 'फाइल' हा शब्द 'पाहील'वरून आला. साहेब नंतर पाहील म्हणून जी टेबलावर पडून राहते, ती फाइल. मग 'मीटिंग' आली डोळे मिटण्यावरून. आणि 'बॉस'? ज्याने 'बस' म्हटलं की बाकीचे बसतात, तो बॉस. साहेब बेहद्द खूश झाले. शब्दकोश पुन्हा कुणी उघडला नाही.

मग हॉलंडहून एक उंचंपुरं गिऱ्हाईक आलं. जेवताना साहेबांनी माझ्याकडे हात करून त्याला अभिमानाने सांगितलं, 'बॉस' हा शब्द मूळचा मराठी.

पाहुण्याने चमचा खाली ठेवला. "माफ करा, पण तो आमचा आहे. डच भाषेत 'बास' म्हणजे मालक. आमची माणसं तो अमेरिकेत घेऊन गेली, तिथे त्याचा 'बॉस' झाला."

मी वाटीतल्या डाळीकडे बघत बसले.

"मॅडम?" साहेब म्हणाले.

"सर, वो मैंने बनाया था।"

"और फाइल?"

"वो भी।"

"मीटिंग?"

मी नुसती मान हलवली.

"मैंने अपने ससुरजी को बताया है!" साहेब कळवळून म्हणाले. "वो प्रोफेसर हैं!"

पाहुण्याला साहेबांचं हिंदी कळलं नाही, म्हणून मलाच सगळं इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. शेवटी साहेबही हसले, पण जरा उशिरा.

माझी नोकरी राहिली. मात्र पुढे कितीतरी महिने मी "सर, आपकी गाड़ी आ गयी" म्हटलं, तरी ते आधी उठून खिडकीतून बघून घेत.