सैंधव, नवस आणि ह्यांच्या छातीचा फोटो

घरात कुणाला ब्लडप्रेशर निघालं की औषधाच्या बाटल्या संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या तुळजापूरच्या घरात तर ते इतके साठले, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका तब्येत विचारायच्या ऐवजी "आता आणिक काय झालं?" असंच विचारायच्या.

*

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता ह्यांना धाप लागली, म्हणून एस.टी.नं सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीशी धरला. मधली हृदयाची पांढरी सावली डावीकडं फुगलेली.

"रक्ताचा दाब जास्त झालाय," डॉक्टर म्हणाले. "त्याला रेटून रेटून हृदयाची भिंत जाड होते, पैलवानाच्या दंडासारखी. आतली जागा कमी होत जाते. आणि एक दिवस थकलं, की सैल पडून पसरतं."

"मग तालीम बंद करू?" ह्यांनी विचारलं.

"मीठ बंद करा. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर आणखी वाढलं, तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

येताना गाडीत हे आपलाच दंड चाचपत होते.

*

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी येऊन बसल्या.

"अळणी वाढायला माझा लेक सुतकात हाय व्हय?"

आणि लोणच्याची फोड त्यांनी स्वतःच्या हातानं ह्यांच्या पानात टाकली. ह्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. मी फक्त ह्यांच्या छातीकडं बघत राहिले.

*

महिन्यानं दाब होता तिथंच. डॉक्टरांनी खाणंपिणं खोदून खोदून विचारलं.

"मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी," मी सांगितलं. "उपवासाला तर मिठाचा कणसुद्धा नाही."

"म्हणजे साबुदाणा अळणी?"

"छे, सैंधव घालते की. उपवासाला चालतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "देवीला चालतं, बाई. हृदयाला नाही. तेही मीठच."

*

सैंधव बंद केलं, पण ह्यांच्यानं मीठ सुटेना. जिना चढताना थांबू लागले. मग मी देवीपुढं पदर पसरला: आई, ह्यांच्यासाठी मी मीठ सोडते.

ऐन उन्हाळा. पुढच्या खेपेला डॉक्टर ह्यांचा दाब मोजत असतानाच माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी ह्यांच्या दंडाचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला.

"दाब फार उतरलाय. जेवता का तुम्ही?"

"जेवते की. अळणी."

"मीठ ह्यांनी सोडायचं होतं!"

"ह्यांच्यानं सुटंना, म्हणून मी सोडलं."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे सदऱ्याची गुंडी लावत होते. ती काही केल्या लागेना.

*

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाटावर बसल्या बसल्या माझं ताट ओढून घेतलं आणि स्वतःचं माझ्यापुढं सरकवलं.

"अहो, नवस मोडंल माझा."

"देवीपुढं नाव कुणाचं घेतलं होतंस?"

"तुमचं."

"मग नवस मी फेडीन. तू जेव."

पहिल्या घासाला ह्यांचं तोंड वाकडं झालं. पण पान स्वच्छ केलं. आत्याबाई लोणच्याची बरणी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच माघारी गेल्या.

*

सहा महिने भरले. या खेपेला आत्याबाई हट्टानं आल्या. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी धरले. मी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होते.

"वाढलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "उलट जरासं आत आलंय."

आत्याबाई उठल्या. त्या काळ्या फिल्मला नाक लावून त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्यात माझा लेक कुठं हाय?"

डॉक्टरांनी पांढऱ्या सावलीवर बोट ठेवलं.

आत्याबाईंनी त्या सावलीवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.