जांभळ्या पाइपावरचं तेल

अबुधाबीत रस्त्याकडेच्या झाडांना जांभळ्या पाइपांतून पाणी देतात. आपल्याच घरांतलं सांडपाणी, शुद्ध केलेलं. ते नीट शुद्ध झालंय का हे तपासून सही करणारा माणूस मी. आणि त्या पाण्यावर सगळ्यात जास्त संशय माझ्याच घरात! बायकोनं मुलीला खलिफा सिटीतल्या बागेच्या हिरवळीवर कधी बसू दिलं नाही. "संडासाचं पाणी ते," म्हणायची. माझं डोकंच फिरायचं. "अगं, रिपोर्ट बघ! खाली सही कुणाची आहे बघ!"

पुढे शहराबाहेरच्या एका शेतावर आमच्या खात्यानं त्याच पाण्यावर ऑलिव्हची झाडं वाढवली. तिथले मुकादम साताऱ्याकडचे. यंदा तेल निघालं, आमच्याच लॅबनं तपासलं. दर्जा चांगला, चव जराशी कडवट, वावगं काही नाही. त्या रिपोर्टवरही माझीच सही. घरी मी ऐटीत सांगितलं, तर बायको म्हणाली, "तपासायला दिलं तेच बाटलीत भरलं कशावरून?"

आता बोला!

त्याच सुमारास मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मुकादम बाटली घेऊन दारात हजर. "वैनी, पोरीच्या मालिशला आणलंय. सायबांच्या पाण्यावरचं हाय."

बायकोनं बाटली उजेडात धरली, हुंगली. मला वाटलं, आता नाक मुरडणार. पण ती म्हणाली, "इतकी वर्षं हे जीव तोडून सांगतायत. चांगलंच असेल." पाय पसरून बसली, नातीला पायांवर घेतलं आणि तेल तळहातावर ओतलं.

"थांब!" मी ओरडलो. बाळ दचकून रडायला लागलं.

"का हो?"

"नको... आपलं खोबरेलच बरं."

"बाबा, इज समथिंग राँग विथ इट?" मुलीनं घाबरून विचारलं.

काहीही राँग नव्हतं. रिपोर्ट मला तोंडपाठ होता. तरी तो मेला जांभळा पाइप डोळ्यांपुढून हलेना. लाज वाटली मला, अगदी मनापासून लाज वाटली. मुकादम खाली बघत चपला शोधायला लागले.

"भाऊ, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," बायको त्यांना म्हणाली. तळहातावरचं तेल तिनं स्वतःच्याच हातांना कोपरापर्यंत चोळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज पहिल्यांदा विश्वास ठेवला होता हो मी तुमच्यावर."