लिस्बनच्या आईचं घर

भिंत दिसली की तो बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पक्का!" नाहीतर "मफी!" मफी हा अरबी शब्द, म्हणजे 'नाही'. मफी म्हटलं की गिलावा पाडून पुन्हा करायचा, मग समोर खुद्द मालक उभा का असेना.

आम्ही त्याला लिस्बन म्हणायचो. नव्वदच्या दशकात बहारीनला, जनाबियातल्या बंगल्यांच्या कामावर तो फोरमन होता आणि मी सलमाबादच्या गोदामात स्टोअरकीपर. पोर्तुगीज फोरमन येणार म्हणून कळलं तेव्हा मी गोऱ्या साहेबाची वाट बघत बसलो. मी रेवदंड्याचा, गावात त्यांचा पडका किल्ला, दुसरं काय सुचणार! आला तो काळाभोर. मी आ वासून बघतच राहिलो. तो शांतपणे म्हणाला, "आईबाप आफ्रिकेतल्या केप व्हर्डे बेटांवरचे. मी जन्मलो लिस्बनला. पासपोर्ट दाखवू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिस्बनच्या कडेला त्याच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी वस्ती उभारली होती. रविवारी सगळी आळी कुणा एकाच्या घरासाठी राबायची आणि त्या घरची बाई हंडाभर मका नि घेवडा शिजवायची. "स्लॅब एकट्यानं पडत नाही," तो सांगायचा. "माणसं लागतात, हंडा लागतो." त्याच्या आईच्या घरावर अजून पत्रेच होते. डिसेंबरच्या रजेत तिथे स्लॅब घालायचा, एवढ्यासाठी तो इथे उन्हात भाजत होता.

आई दर महिन्याला घराचा एक फोटो पाठवायची. माझंही गावी बांधकाम चाललेलं, त्यामुळे आम्ही एकमेकांचे फोटो अगदी निरखून बघायचो. एकदा त्यानं चार फोटो शेजारी शेजारी मांडले आणि माझी जीभ वळवळली. "काय रे, तुझ्या आईचा हा हिरवा टॉवेल चार महिने वाळतच नाही?"

सगळे खो खो हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मावसभावाला फोन लावला. नगरपालिकेनं अख्खी वस्ती बुलडोझर घालून पाडली होती, पाच महिन्यांपूर्वीच. आईला कुठल्याशा इमारतीत खोली दिली होती. पाडायच्या आदल्या दिवशी तिनं घराचे भरपूर फोटो काढून घेतले आणि एकेक करून ती पाठवत राहिली. अरे देवा, थट्टेला मला हेच सापडलं!

"आईला विचारलंस?"

"मफी. तिला वाटतंय मला कळलं नाही. वाटू दे."

पुढच्या महिन्यात पाकीट आलंच. त्यानं फोटो माझ्यापुढे धरला. तोच टॉवेल. त्यानं फोटोतल्या भिंतीवर पेरांनी टकटक केलं, कान लावला.

"पक्का," तो म्हणाला.