सुवर्णाने बदललेले आकडे

बातमी आली तेव्हा मी तिच्यावर रागावलेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की जो तो लगेच गोड होतो आणि मला ते जमणार नाही. भोरला घरी आले होते, गच्चीवर आईबरोबर पापड वाळत घालत होते आणि फोनवर सुवर्णाचं नाव आलं. मी उचलला नाही. म्हटलं, येऊ दे जरा ताळ्यावर. पुन्हा वाजला, तेव्हाही नाही उचलला. तिसऱ्यांदा आईच ओरडली, "अगं घे की, काय कटकट आहे!" घेतला, तर तिकडून पुरुषाचा आवाज... सुवर्णाचे वडील. "ताई, सुवर्णा गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कुठं?" खरंच असं विचारलं मी, बावळटासारखं. मागून बायकांचं रडणं ऐकू आलं आणि मग मला कळलं. आज त्याला सात आठवडे होतायत. तीन दिवसांचा ताप आणि चौथ्या दिवशी पोरगी नाही. बावीस वर्षांचं धडधाकट माणूस तापानं जातं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. न कळलेल्या गोष्टींची माझी यादी तेव्हापासून वाढतच चालली आहे.

आमची ओळख पुण्यातली, विद्यापीठातली. गणित आणि डेटा सायन्स असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात बहुतेक शहरातली मुलं. माझं घर भोर गावातलं, वडील कचेरीत, आजोबाही कचेरीतच. आमच्याकडे भात म्हणजे कुकरमध्ये असतो तो. सुवर्णा वेल्ह्याकडची, डोंगराच्या कुशीतल्या गावातली, घरची भातशेती. पहिल्याच दिवशी माझं गाव ऐकून ती वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू भोरची व्हय? मंग शेजारीनच की आपली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधायला लागले. पण होस्टेलची खोली नेमकी तिच्याबरोबरच मिळाली आणि महिन्याभरात मी तिच्याशिवाय जेवायला जाईनाशी झाले. गणितात ती माझ्या दहा पावलं पुढे होती, हे कबूल करायला मला दीड वर्ष लागलं. आयगेनव्हेक्टर नावाचं प्रकरण माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. परीक्षा दोन दिवसांवर आणि मी रडकुंडीला आलेली. ती शेंगा सोलत म्हणाली, "घाटात एसटी वळली की समदी मान्सं इकडंतिकडं कलत्यात का न्हाई? एकटा कंडक्टर तेवढा सरळ फुडं येतो. मॅट्रिक्सनं कितीबी हलवलं तरी ज्याची दिशा बदलत न्हाई, त्यो तुझा आयगेनव्हेक्टर. घे, शेंगा खा." पेपरात मी तो प्रश्न बरोबर सोडवला. सरांना कंडक्टरबद्दल अर्थातच काही लिहिलं नाही.

शेवटच्या वर्षी दोघींनी मिळून प्रोजेक्ट घेतलं. भोर आणि वेल्हे भागातल्या चाळीस घरांत भात किती पिकलं त्याची माहिती गोळा करायची, पाऊस, जमीन, बियाणं यांच्याशी त्याचा मेळ घालायचा आणि पुढच्या पिकाचा अंदाज सांगणारं मॉडेल करायचं. कल्पना तिची, कोड माझा. दिवाळीच्या सुट्टीत ती घरोघर हिंडली. उत्रोलीत गेली, आंबवड्यात गेली आणि उरलेली घरं तिच्या गावाच्या आसपासची. उत्रोली आमच्या घरापासून किती लांब? रिक्षात बसेपर्यंत उतरायची वेळ येते. तरी मी गेले नाही. ऊन लागतं, आणि आपलं काम लॅपटॉपवरचं ना! लोक तिला पिकाचा आकडा पायलीत सांगायचे, पायली म्हणजे धान्य मापायचं भांडं. ती कागदावर लिहून आणायची आणि मग शीटमध्ये भरायची.

जानेवारीत मॉडेल चालायला लागलं, अगदी छान चाललं. इतकं छान की मला शंका आली. मी तिचे मूळ कागद काढले आणि शीटशी एकेक आकडा ताडून पाहिला. उत्रोली-आंबवड्याचे आकडे जसेच्या तसे. तिच्या गावाकडच्या प्रत्येक घराचा आकडा मात्र वाढवलेला, आणि सगळे एकाच पटीनं! फक्त तीन घरं त्याहूनही जास्त फुगवलेली. माझं डोकंच फिरलं. ती कपडे वाळत घालत होती, तिथंच जाऊन मी कागद नाचवले. "हे आकडे तू वाढवलेस?" ती म्हणाली, "वाढवलं न्हाई. सारकं केलं." कशाशी सारखं, विचारलं तर म्हणाली, "मापाशी. असं सांगून न्हाई कळायचं तुला. तू एकदा घरला चल, दावते." मी म्हटलं, मला शेतीच्या गप्पा ऐकवू नकोस, आपल्या गावाचं पीक जास्त दाखवायला आकडे बदलणं याला चोरी म्हणतात आणि तू चोर आहेस. हो, हाच शब्द वापरला मी. ती हातातला दुपट्टा पिळत राहिली. पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत राहिली. मी वर हेही सांगितलं की माझं नाव ह्या प्रोजेक्टवर राहणार नाही. पुढे महिनाभर आम्ही एका खोलीत राहून कामापुरतं बोललो आणि एका शुक्रवारी ती पिशवी घेऊन गावाला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "येते गं." मी मान वर केली नाही.

तेराव्याला गेले. बायका कुजबुजत होत्या, "ही तिची पुन्याची मैतरीन," आणि मी मान डोलावत होते, काय करणार? तिच्या वडिलांनी घोळक्यातून वाट काढत येऊन विचारलं, "ताई, तिचं त्ये डाटाचं काम पुरं झालं का? लई जीव व्हता तिचा त्याच्यात." मी म्हटलं, होत आलंय, काका. खोटं बोलले. प्रोजेक्टच्या मॅडमनी मला मुदत वाढवून दिली होती आणि दोन वाटा सांगितल्या होत्या. तिच्या शीटसह दोघींच्या नावानं काम द्यायचं, नाहीतर तिचा भाग वगळून माझ्या एकटीच्या नावानं काहीतरी छोटं करायचं. पहिली वाट धरली तर मला खोटे वाटणारे आकडे माझ्या सहीनं जाणार. दुसरी धरली तर ती चोर होती असं मी कायमचं ठरवून मोकळी होणार. आणि ती? ती तर काही बोलायला येणार नव्हती. मी रोज एक वाट धरायची आणि संध्याकाळपर्यंत सोडायची, असे कित्येक दिवस गेले.

शेवटी महिना झाल्यावर पुन्हा गेले. कुणी नव्हतं घरात, फक्त काका-काकू. तिघंही अंगणाकडे बघत बसलो. निघताना काका म्हणाले, "थांबा, घरचं तांदूळ न्या." कोनाड्यातली पायली काढली, पोत्यात बुडवली, वर काढली आणि त्यावर ओंजळीनं तांदूळ ओतत राहिले... काठ भरला तरी ओततायत, वर टोकदार रास झाली, दाणे घरंगळायला लागले तेव्हा थांबले. मी म्हटलं, "काका, भरली की केव्हाच!" ते म्हणाले, "शीग नको व्हय? आमच्याकडं शीग लावल्याबिगर पायली म्हनत न्हाईत. तिकडं उत्रोली-आंबवड्याला वरून हात फिरवत्यात, सपाट. त्यांची पायली न्हानी, आमची मोठी." शाळेच्या निबंधात 'उत्साह शिगेला पोहोचला' असं मी पन्नासदा तरी लिहिलं असेल. शीग म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं. काका आपल्याच नादात सांगत होते, "दिवाळीत सुवर्णानं दुकानातल्या काट्यावर एकदा सपाट, एकदा शिगेची, अशी भाताची पायली दहा-दहा येळा तोलली. दुकानदार वैतागला. मला म्हनली, दादा, आपली पायली कालेजात बसत न्हाई, तिला बसवाया लागंल." मी घाईघाईनं विचारलं, वजनं कुठं लिहिली? भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिली होती. मी तिथंच, उंबऱ्यात उभं राहून, मोबाईलवर भागाकार केला. शीटमधली तीच पट निघाली.

मी रडले का, असं आई विचारत होती. नाही रडले. मला राग आला, तिचाच. एका वाक्यात सांगता येत होतं की! "आमच्याकडे पायली शिगेची असते," संपलं. मग का नाही सांगितलं? 'दावते'च का? तीन वर्षं आम्ही सगळे तिला समजावून सांगत होतो, कसं बोलावं, कसं लिहावं, पिझ्झा कसा खावा. कधीतरी कुणीतरी तिच्याकडे येऊन बघावं असं तिला वाटलं असेल का? की मी 'चोर' म्हटल्यावर तिचं मनच विटलं? मला खरंच ठाऊक नाही. एकदा एक वाटतं, एकदा दुसरं.

आणि तरी ती तीन घरं उरलीच. शिगेचा हिशेब लावूनही त्यांचे आकडे जास्तच होते. मॅडम म्हणाल्या, "आउटलायर आहेत, बाकीच्यांत न बसणारे, काढून टाक. सगळेच काढतात." बरोबरच होतं त्यांचं. मी तीन ओळी निवडल्या, बटणावर बोट ठेवलं आणि नाही दाबलं. गेल्या रविवारी पुन्हा वेल्ह्याची एसटी धरली.

त्यातलं पहिलं घर हौसाआजींचं, गावाच्या अगदी वरच्या अंगाला. आजी पायरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी सुवर्णाचं नाव घेतलं तर हात थांबला. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ही तिन्ही घरं एकट्या बायांची. त्यांचं भात गाव मिळून कापतं, मजुरी घेत नाही, पण कापणाऱ्यानं घरी जाताना एक पेंढी न्यायची अशी रीत आहे. "ती पेंढी खळ्यावर येतच न्हाई, मंग मापात कशी यील? पर पिकली तर आमच्याच रानात ना? सुवर्णानं त्या बी धरल्या." मी लिहून घेत होते. आजी म्हणाल्या, "परत इचारायला आली व्हती ती. त्या शनवारी. अंगात कणकण व्हती, डोळं लाल. म्या म्हनलं, बाय, उन्हाची कशाला चढून आलीस, घरला जा, पड. तर म्हनली, न्हाई आजी, पेंढ्या किती ते नीट आठवून सांग, माझी मैतरीन इचारती."

माझं पेन थांबलं. तो शनिवार तिच्या तापाचा पहिला दिवस होता. मी चोर म्हटलं म्हणून ती त्या उन्हात वर चढली होती. त्यानं काही फरक पडला असता का, ती झोपून राहिली असती तर वाचली असती का, हे मला कुणी सांगू शकणार नाही, आणि मी विचारणंही थांबवू शकणार नाही.

आजी म्हणाल्या, "जाताना सांगून गेली. म्हनली, ती यील एक दिस. चिडकी हाय, पर दावलं की ऐकती. मी नसले तर तू सांग तिला." चिंचेचे हात पदराला पुसत त्यांनी विचारलं, "तीच का तू?"

मी मान डोलावली.

"मंग बस हितं," आजी पायरीवर सरकून जागा करत म्हणाल्या, "ती हितंच बसायची. आनि लिही."